चिरा, चुना, लाकूड, कौल: जुन्या घराचं दर्शनी अंग कसं राखायचं

आमचं घर बेळगावच्या शहापुरात. शहापूर सांगली संस्थानात होतं तेव्हाचं. खाली हातमागाची खोली, वर माडी, रस्त्याकडं सागवानी सज्जा. भिंती जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या, चुन्यात बांधलेल्या, वरून चुन्याचाच गिलावा. दारात काळ्या दगडाच्या तीन पायऱ्या होत्या. आता दोनच दिसतात, तिसरी रस्त्याखाली गेली. रस्ता दर वेळी वर येतो, घर आहे तिथंच राहतं.

१९८९ साली माझं लग्न ठरलं आणि वडिलांनी पुढची भिंत सिमेंटनं गिलावून घेतली. ठेकेदार म्हणाला होता, चुन्याचं काम आता कोण करतंय, सिमेंट मारा, पन्नास वर्षं बघायला नको. वडिलांनी कर्ज काढून ते काम केलं. पंधरा-सोळा वर्षांत भिंतीला पोट आलं. बोटाच्या पेरानं ठोकलं की डब्यासारखा आवाज यायचा. शेवटी एका दिवाळीनंतर तो गिलावा उतरवायला घेतला आणि पहिलाच मोठा पापुद्रा खाली आला तेव्हा मी तिथं उभी होते. मागचा चिरा चिरा राहिलाच नव्हता. शेतातलं भिजलेलं ढेकूळ असावं तसा लाल गाळ झाला होता. मी चमचा आणून घातला, तो मुठीपर्यंत आत गेला. खालच्या दोन थरांतले अकरा चिरे बदलावे लागले.

ते काम करायला खानापूरकडचे एक म्हातारे गवंडी आले होते. आम्ही त्यांना मामाच म्हणत होतो. त्यांनी तो लाल गाळ हातात घेतला आणि म्हणाले, “ताई, सिमेंट घट्ट असतंय, चिरा मऊ. पाणी तर आत जातंयच, कुठनं ना कुठनं. सिमेंट त्याला भायेर सोडत नाही. मग ते चिऱ्यातच बसतंय आणि चिऱ्यालाच खातंय.”

त्यानंतर आमच्या घराचं आणि ओळखीपाळखीच्या सात-आठ घरांचं काम मी जवळ उभी राहून करून घेतलं. पुढं जे लिहितेय ते सगळं मामांच्या त्या एका वाक्यावर उभं आहे: दुरुस्तीला लावायचा माल मूळ मालापेक्षा मऊ हवा. पाऊस काहीतरी झिजवणारच. झिजायचं ते गिलाव्यानं आणि दर्जांतल्या, म्हणजे दोन चिऱ्यांमधल्या सांध्यांतल्या, चुन्यानं झिजावं, कारण ते परत भरता येतात. झिजलेला चिरा परत मिळत नाही.

काम सुरू करण्याआधी एक पावसाळा बघा

बहुतेक लोक दसऱ्याला रंगाचा विचार करतात आणि तेव्हाच पहिल्यांदा भिंतीकडं बघतात. भिंत खरी कळते ती जुलैत, तरण्या-म्हाताऱ्या पावसात. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, जांबोटी-कणकुंबीकडं त्याहून कितीतरी जास्त. बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, आणि वारा पश्चिमेचा. म्हणून ज्या घराचं तोंड किंवा बाजू पश्चिमेला आहे त्याची ती भिंत सगळ्यात जास्त मार खाते. पूर्वी खानापूरकडं अशा भिंतींना पावसाळ्यापुरत्या झावळ्यांच्या ताट्या बांधत. गावठी वाटतं, पण त्याहून स्वस्त आणि निर्धोक उपाय मला अजून सापडलेला नाही.

छत्री घेऊन समोरच्या घराच्या कट्ट्यावर अर्धा तास उभं राहा. पाणी कौलांवरून कुठं पडतं, पन्हळीतून कुठं ओघळतं, सज्ज्याच्या खालच्या फळीला धरून आत येतं का, पागोळ्यांचं पाणी जमिनीवरून उडून जोत्यावर किती उंच येतं, ते बघा. घराचा एक मोठा फोटो छापून घ्या आणि त्यावर पेन्सिलीनं खुणा करा. पाऊस थांबल्यावर तिसऱ्या दिवशी परत बघा. वाळायला कुठला भाग मागं राहिलाय? दुखणं तिथं आहे.

आमच्या शेजारच्या काकूंच्या माडीत दरवर्षी एकाच कोपऱ्यात ओल यायची. दोनदा भिंत गिलावून झाली, वॉटरप्रूफिंगचा रंग लावून झाला. मी त्यांच्या समोरच्या घरातून बघितलं तर टीव्हीच्या डिशची वायर घालताना कुणीतरी एक कौल सरकवलं होतं, ते परत बसलंच नव्हतं. एका कौलापायी भिंतीवर दोनदा खर्च झाला.

एसीचं पाणीही बघा. एसीतून बाहेर सोडलेलं पाणी थेंबथेंब भिंतीवर पडतं ते उन्हाळ्यातही पडतं, म्हणजे त्या भिंतीला वाळायला ऋतूच उरत नाही. चार फुटांची नळी जोडून ते पाणी खाली तुळशीत किंवा मोरीत सोडा. आज करता येण्यासारखं हे काम आहे.

चुना

कळीचा चुना म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे. आपल्याकडं बागलकोट-लोकापूरच्या बाजूला चुनखडीचा पट्टा आहे. मी तिकडच्या भट्टीचा मागवते. खडे हातात हलके लागले पाहिजेत, एकमेकांवर आपटल्यावर टणटण वाजले पाहिजेत. पोत्यात आधीच भुकटी झालेली असली तर हवेतली ओल लागून तो मेलेला असतो, घेऊ नका.

विरवायला लोखंडी ड्रम घ्या. प्लॅस्टिकचा नको, वितळतो. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. उलटं कधीच करायचं नाही. चुन्यावर पाणी ओतलं की तो उसळून तोंडावर येतो. डोळ्याला गॉगल, हातात रबरी मोजे, आणि पोरंबाळं लांब. पाणी काही मिनिटांत खदखदायला लागतं. लाकडी दांड्यानं ढवळत राहायचं, शांत झाल्यावर बारीक जाळीतून गाळायचं, आणि वर चार बोटं पाणी ठेवून झाकायचं. पंधरा दिवस तरी हवेतच, महिना चांगला. आमच्याकडं जिन्याखाली दोन ड्रम कायम असतात. जितका जुना तितका तो लोण्यासारखा होतो. थापीवर घेतला आणि थापी उलटी केली तरी पडत नाही, तेव्हा तो कामाला तयार. वरचं पाणी मात्र कधी आटू द्यायचं नाही. हवा लागली की तो ड्रममध्येच दगड व्हायला लागतो.

आता तुमच्या घराचा जुना माल कशाचा आहे ते आधी शोधा. गिलाव्याचा सुपारीएवढा तुकडा काढा, हलक्या हातानं चुरा, काचेच्या ग्लासात घाला आणि वर साधं व्हिनेगर ओता. फसफसेल. तो चुना विरघळतोय. दुसऱ्या दिवशी वरचं ओतून परत ताजं घाला, फसफस थांबेपर्यंत. मग उरलेलं पाण्यानं धुऊन कागदावर वाळवा. आमच्या ग्लासात काय उरलं ते मला अजून आठवतं: जाड, टोकेरी, करड्या रंगाची नदीची वाळू, आणि तिच्यात तांबडे कण. मामांनी ते कण नखानं फोडले आणि म्हणाले, “ही सुरखी. तुमच्या पणजोबांनी विटा कुटून घातल्यात बगा.” मी त्या दिवशी तो कागद टाकला नाही, पुडी बांधून देवघराच्या फळीवर ठेवली. पुढं वाळू घेताना ती पुडी सोबत नेली आणि तशाच जाडीची वाळू निवडली.

सुरखी म्हणजे मातीच्या विटांचा किंवा कौलांचा कूट. चुना एरवी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश दगड होतो. सुरखीशी मात्र त्याची ओलाव्यातही गाठ बसते, म्हणून पावसाच्या बाजूला ती लागतेच. खानापूरची माती विटांना आणि कौलांना पिढ्यानपिढ्या वापरली जाते, फुटक्या जुन्या कौलांना तोटा नाही. तीच कुटून रव्यासारखी चाळून घ्या. फार भाजून काळ्या, काचेसारख्या झालेल्या विटा नकोत, त्या चुन्याला धरत नाहीत.

प्रमाण मी असं ठेवते. पश्चिमेच्या आणि उघड्या भिंतीला १ भाग चुना, १ भाग सुरखी, २ भाग वाळू. सज्ज्याखालच्या, पावसापासून आडोशाच्या भिंतीला १ भाग चुना आणि ३ भाग वाळू पुरते. गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालायची जुनी रीत आहे. मामा गूळ आणि हिरडा घालायचे. मी फक्त शेवटच्या बारीक थराला घालते. पण त्यांनी मला बजावून सांगितलं होतं की मळणी कमी केली तर गूळ घालून काही उपयोग नाही. पूर्वी बैलाच्या घाणीत तो मळला जायचा. आता घाणी कुठून आणणार? आम्ही पाटावर, जाड लाकडी दांडक्यानं कुटून कुटून मळतो. सुरुवातीला माल कोरडा वाटतो आणि कामगार पाणी मागतात. पाणी देऊ नका. कुटत राहिलं की आपोआप सैल होतो. पाणी जास्त झालं की वाळताना तडे जातात, आणि मग सगळे म्हणतात, बघा, चुना टिकत नाही.

कन्नड बोलणारे गवंडी या चुन्याच्या मालाला गारे म्हणतात. “गारे केलस माडतीरा?”, म्हणजे गाऱ्याचं काम करता का, असं विचारून बघा. ज्याच्या तोंडावर ओळख दिसेल, तो तुमचा माणूस. ज्यानं “मॅडम, थोडं सिमेंट मिसळू या, लवकर धरतंय,” म्हटलं, त्याला चहा देऊन परत पाठवा. चुन्यात मूठभर सिमेंट घालायची सवय सगळीकडं आहे. अशानं ना सिमेंटची ताकद येते ना चुन्याचा मऊपणा राहतो.

सिमेंटचा जुना गिलावा काढताना ब्रेकर मशीन लावू देऊ नका. छोटी छन्नी, हलकी हातोडी, पोकळ आवाज येतो तिथून सुरुवात. जिथं सिमेंट चिऱ्याला घट्ट धरून बसलंय आणि काढताना चिऱ्याचा पापुद्रा सोबत येतोय, तिथं थांबा. तेवढा भाग राहू द्या. दहा वर्षांनी स्वतःहून सुटेल तेव्हा काढता येईल. दर्जा साधारण पाऊण ते एक इंच खोल उकरायच्या, कुंच्यानं धूळ झाडायची, आदल्या संध्याकाळी भिंत भिजवायची, सकाळी परत शिंतडायची. भिंत ओलसर हवी, पाणी मात्र निथळायला नको.

एका थराला अर्ध्या इंचापेक्षा जास्त नाही. खड्डा खोल असला तर चिऱ्याचेच तुकडे चुन्यात बसवून आधी तो भरा. पहिला थर नखानं दाबून खळगा पडत नाही इतका घट्ट झाला की दुसरा, म्हणजे आठवडाभरानं तरी. लाकडी रंध्यानं घासायचं, लोखंडी थापीनं चकचकीत करायचं नाही. मग तरट भिजवून भिंतीवर सोडायचं आणि दहा ते पंधरा दिवस दिवसातून तीन-चार वेळा शिंपायचं. ऊन लागू द्यायचं नाही. सगळ्यात जास्त कामं इथं बिघडतात. गवंडी पैसे घेऊन गेलेला असतो आणि घरच्यांना वाटतं काम संपलं. आमच्याकडं त्या पंधरा दिवसांत माझी सासू, वय वर्षं ऐंशी, खालून पिचकारीनं पाणी मारायची. भिंतीचा तो पट्टा आज सगळ्यात चांगला आहे.

हे सगळं दसऱ्यानंतर ते माघापर्यंत. फाल्गुनात ऊन चढतं, चुना जळतो म्हणतात ते खरं आहे: तो धरायच्या आत वाळतो आणि हाताला पीठ लागतं.

चिरा धुताना

माझ्या हातून एक चूक झाली आहे, ती इथं सांगते. २०१६ मध्ये मागच्या परड्याकडची, कधीच न गिलावलेली चिऱ्याची भिंत शेवाळानं काळी झाली होती. गाड्या धुतात तसलं जोराच्या पाण्याचं यंत्र भाड्यानं आणलं आणि दोन तासांत भिंत लालचुटूक केली. सगळ्यांनी कौतुक केलं. पुढच्या पावसाळ्यात ती भिंत पाझरायला लागली आणि अंगणात लाल पाणी येऊ लागलं. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीनं तासता येतो. हवा लागून वर्षानुवर्षांनी त्यावर एक घट्ट साल तयार होते. मी ती साल दोन तासांत धुऊन टाकली. आता त्या भिंतीला चुन्याचा पातळ गिलावा करावा लागला, तेव्हा कुठं ती शांत झाली.

तेव्हा यंत्र नको, ॲसिड नको, तारेचा ब्रश नको, सँड ब्लास्टिंगचं तर नाव काढू नका. शेवाळ उन्हाळ्यात कोरडं झालं की नारळाच्या काथ्याच्या किंवा नायलॉनच्या मऊ ब्रशनं झाडायचं. ते परत येऊ नये असं वाटत असेल तर ओल कुठून येते ते बंद करायचं. चिऱ्यावर चमकणारा सिलिकॉनचा थर देणारे हल्ली घरी येतात. बाहेरचं पाणी काही दिवस थांबतं, आतलं पण थांबतं, आणि सालीमागं खार साठतो.

खार, म्हणजे लोणा, भिंतीवर पांढऱ्या भुकटीसारखा फुलतो. त्यावर पाणी मारलं तर तो विरघळून परत आत जातो. कोरड्या ब्रशनं झाडून खाली कागदावर गोळा करायचा आणि घराबाहेर टाकायचा. फारच असेल तर जुने वर्तमानपत्र भिजवून त्याचा लगदा भिंतीवर थापा, पूर्ण वाळू द्या, सोलून टाका. तीन-चार वेळा करावं लागतं. लगदा वाळताना खार आपल्यात ओढून घेतो.

बदलायचे चिरे असतील तर जुन्याशी रंग आणि भोकं जुळतील अशाच खाणीचे शोधा आणि निदान एक उन्हाळा सावलीत उघडे ठेवा. खाणीतून थेट भिंतीत लावू नका.

पिंपळ आणि वड. बोटभर असतील तर पावसात भिंत ओली असताना मुळासकट निघतात. मनगटाएवढा झाला असेल तर ओढू नका, भिंत सोबत येते. बुडाशी कापा, ताज्या कापावर झाडमार औषध कुंच्यानं लावा, मूळ आतच सुकू द्या आणि पुढच्या वर्षी ती पोकळी चुन्यानं भरा.

जोतं

जुन्या गल्ल्यांत रस्ता उंच झाला आणि काँक्रीट थेट भिंतीला येऊन टेकलं. जमिनीतली वाफ पूर्वी रस्त्याच्या मातीतून बाहेर पडायची, आता तिला एकच वाट, तुमची भिंत. त्यावर लोक जोत्याला ग्रॅनाइट चिकटवतात. ओल दिसेनाशी होते आणि ग्रॅनाइटच्या वर दोन फूट चढते. आमच्या गल्लीत अशी चार घरं मी दाखवू शकते.

जागा तुमच्या हद्दीत असेल तर भिंतीलगत नऊ इंच ते एक फूट काँक्रीट कापून काढा आणि तिथं खडी भरा. पागोळ्यांचं पाणी खडीवर पडलं की चिखल उडत नाही, आणि जमीन वाळायला जागा राहते. पण उतार घरापासून लांब आहे ना, ते आधी बादलीभर पाणी ओतून बघा. काळ्या दगडाच्या पायऱ्यांना तैलरंग लावू नका. बेळगावच्या किल्ल्यातलं जैन मंदिर, कमल बस्ती, १२०४ सालचं, आठशे वर्षं झाली. तिथं जाऊन उघडा दगड कसा राहतो ते पोराबाळांना दाखवा.

सज्जा, चौकटी, खिडक्या

लाकूड पावसानं कुजत नाही, न वाळल्यानं कुजतं. म्हणून आधी टोकं बघा: तुळईचं भिंतीत गेलेलं टोक, खांबाचा तळखड्यावर टेकलेला पाय, खिडकीच्या उंबऱ्याचे कोपरे. पेचकस घेऊन दाबा. पाव इंचापेक्षा सहज आत गेला तर ते लाकूड गेलं. पण एवढ्यासाठी अख्खा खांब काढायचा नाही. आमच्या सज्ज्याच्या एका खांबाचा खालचा सात इंचांचा भाग कुजला होता. सुतार नवा खांब म्हणत होता. शेवटी कुजलेलं कापून, तिरका सांधा घेऊन, जुन्या सागवानाचाच तुकडा बसवला, लाकडी खुंट्या ठोकल्या. नस उभीला उभी जुळवली. सांधा हाताला लागतो, डोळ्याला दिसत नाही. जुन्या लाकडाच्या वखारीत पाडलेल्या घरांचं सागवान मिळतं. नव्या लाकडापेक्षा ते वाळलेलं असतं. कुठल्या लाकडाला कुठला तुकडा ते बघा: सागाला साग, फणसाला फणस.

जुना रंग खरवडताना सावध राहा. जुन्या तैलरंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा आपल्याकडं २०१६ च्या नियमांनी आली. त्याआधीचे थर कोरडे घासू नका, ज्वाळेनं तर मुळीच जाळू नका. पाणी शिंपडून, ओलं ठेवून खरवडा, खाली प्लॅस्टिक अंथरा, नाकातोंडाला चांगला मास्क लावा. घरात लहान मूल किंवा पोटुशी बाई असेल तर तेवढे दिवस तिला दुसरीकडं ठेवा.

मग तेल. दुकानात डबल बॉइल्ड जवस तेल मिळतं. पहिल्या हाताला त्यात निम्मं टर्पेंटाइन घाला म्हणजे ते आत मुरतं. पुढचे दोन हात टर्पेंटाइन कमी करत. प्रत्येक हात लावल्यावर अर्ध्या तासानं कोरड्या कापडानं सगळं पुसून काढा. पुसलं नाही तर थर चिकट राहतो आणि पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते. दोन हातांत दोन-तीन दिवस जाऊ द्या.

आणि हे नीट वाचा: जवस तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेतात. काडी लावावी लागत नाही. पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा बाहेर एकेक पसरून दोरीवर वाळत घाला, मगच टाका. सागवानाच्या घरात याकडं दुर्लक्ष करून चालत नाही.

पावसाच्या थेट माऱ्यातल्या लाकडाला खानापूर-चंदगडकडं काजूच्या टरफलाचं तेल लावतात, वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. पण ते हाताला लागलं तर कातडी भाजते. मोजे घालूनच लावा, आणि जिथं माणसं टेकतात, कपडे घासतात तिथं नको. पॉलिशचा काचेसारखा जाड थर बाहेरच्या लाकडाला देऊ नका. एका भेगेतून पाणी आत जातं आणि थराखालीच राहतं.

कौलं आणि लोखंड

मंगळुरी कौलं बहुतेक घरांवर आहेत. मंगळुरात बासेल मिशननं १८६५ मध्ये कारखाना काढला, तिथून ती सगळीकडं गेली. मृग लागायच्या आधी, वळवाचे एक-दोन पाऊस झाले की, छतावर अनुभवी माणूस चढवून फुटकी, सरकलेली कौलं बदलून घ्या. कौल दोन-तीन किलोचं असतं, आणि कारखान्यागणिक खाचा वेगळ्या. म्हणून शेजारचं घर पडत असेल तर त्याच शिक्क्याची पन्नास कौलं मागून परड्यात उभी रचून ठेवा. आडवी रचू नका, खालची फुटतात. आढ्यावरची कौलं सिमेंटनं बसवलेली असली तर पुढच्या वेळी चुना-सुरखीत बसवा. पन्हळीतला पालापाचोळा वर्षातून दोनदा काढा. एवढं केलं की निम्मी भिंत वाचली.

खिडकीचे लोखंडी गज दगडात जिथं शिरतात तिथं बघा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि दगड फोडतो. गंज घासून रेड ऑक्साइड, मग रंग. बुडाशी पाणी साचू नये म्हणून चुन्याचा छोटा उतार करा. तेवढं पुरे.

रंग

प्लॅस्टिक पेंट आणि “बाहेरच्या भिंतीचा सात वर्षं गॅरंटीचा” रंग चुन्याच्या गिलाव्यावर लावला की सिमेंटचंच काम होतं. चुन्याचीच सफेदी करा. १ किलो कळीच्या चुन्याला साधारण ५ लिटर पाणी, चोवीस तास ठेवून कापडातून गाळायचं, दर १० लिटरला गरम पाण्यात विरघळवलेला ४० ग्रॅम डिंक. भिंत ओलसर करून तीन पातळ हात. दुधासारखं पातळ हवं, जाड लावलं की पापुद्रे येतात. लावताना दिसत नाही, वाळताना पांढरं होतं, म्हणून रंगारी घाई करतात. रंग हवा असेल तर गेरू, पिवळी माती, थोडी नीळ. आमच्या गल्लीतली जुनी घरं फिकट निळी आणि पिवळी होती ती यानेच. दर दोन-तीन वर्षांनी हात फिरवावा लागतो, दिवाळीच्या आधी दोन माणसांचं दोन दिवसांचं काम.

घर किल्ल्याच्या बाजूला किंवा कुठल्या संरक्षित वास्तूजवळ असेल तर आधी चौकशी करा. केंद्राच्या संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम चालत नाही, त्यापुढच्या २०० मीटरांतही परवानगी लागते, आणि दुरुस्तीलाही ती घ्यावी लागते. सामाईक भिंत असेल तर शेजाऱ्याला आधी घरी बोलवा, व्हिनेगरचा ग्लास दाखवा. मी असं तीन शेजाऱ्यांना पटवलंय.

रिसालदार गल्लीत भाटे वकिलांचं घर आहे. विवेकानंद १८९२ साली बेळगावला आले तेव्हा तिथं उतरले होते, म्हणून ते राखलं गेलं. आपल्या घरात कुणी विवेकानंद उतरले नव्हते. पण आमच्या पणजीनं त्या सज्ज्यात बसून आयुष्यभर सूत उकललं, आणि त्या फळीवर तिच्या हाताची जागा गुळगुळीत झाली आहे. तेल लावताना तेवढी जागा मी रंध्यानं घासू देत नाही.

यंदाचा चुना आषाढी एकादशीला विरवलाय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पश्चिमेच्या खालच्या दर्जा भरायला घेणार आहे. दोन ड्रम आहेत, आमच्या भिंतीला एक पुरतो. शहापूर-वडगावात कुणाला हातभर भिंत करून बघायची असेल तर घमेलं घेऊन या, आणि सोबत तुमच्या जुन्या गिलाव्याचा तुकडा आणा, म्हणजे वाळू कुठली घ्यायची ते बघता येईल.